उतारे आणि उत्तरं

"हे एवढं सगळं छापायचं?" प्रकाशकाने गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. "वाचणाऱ्याचे हात भरून येतील हो."

ती हसली नाही. त्या गठ्ठ्यात तिच्या बाबांचा जन्म गेला होता.

बाबांनी धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात उभी हयात शिकवलं. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'हातोडा' म्हणत, कारण जुनं कुठलंही पाखंड समोर आलं की ते त्याचा भुगा करत. त्यांचं खास वैर नॉस्टिकांशी. हे लोकही सुरुवातीच्या शतकांत स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत. पण त्यांच्या मते हे जग खऱ्या देवाचं कामच नव्हतं. एका अडाणी, खालच्या कारागिराने ते कसंबसं उरकलं होतं, आणि माणसाच्या आत अडकलेली उजेडाची ठिणगी ज्ञानानेच सुटणार होती. बिशपांनी त्यांना वाळीत टाकलं. त्यांचे ग्रंथ धर्मग्रंथात आले नाहीत. बरेच नाहीसे झाले.

असाच एक ग्रंथ बाबांनी तरुणपणी एका मठात वाचला होता. इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक भाषेतला, पपायरसच्या पानांवरचा. पेन्सिलीने तो सबंध उतरवून घेतला. पुढे मठाला आग लागली आणि मूळ ग्रंथ गेला. आता बाबांच्या पुस्तकात तो ग्रंथ तुकड्यातुकड्याने होता: आधी उतारा, त्याचं भाषांतर, आणि खाली बाबांचं उत्तर.

आई गेल्यावर तर ते त्या कामात बुडूनच गेले. जेवताना हाक मारली तर ऐकू जायचं नाही. डोळे मिटून उतारेच्या उतारे म्हणायचे.

"पाठ कशाला करता?" ती वैतागून विचारायची.

"शत्रूची चाल पाठ असावी लागते," ते म्हणायचे.

आता ते अंथरुणाला खिळले होते. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली आणि वाचाही. पुस्तक डोळ्यांदेखत निघावं, एवढीच तिची धडपड होती.

"छापखाना चर्चचा आहे," प्रकाशक म्हणाला. "विद्यालयाच्या प्राचार्यांचा होकार आणा, मी लगेच छपाईला लावतो."

प्राचार्य बाबांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी तिला आपल्या खुर्चीशेजारी बसवलं, चहा मागवला, गठ्ठा चाळला.

"सरांची उत्तरं छापायलाच हवीत, ताई. पण हे उतारे? पाखंड्यांची अख्खी पोथी आपणच लोकांच्या हातात द्यायची?"

"उतारा नसेल तर उत्तर कशाचं ते कळेल?"

"दोन ओळींत सांगा ना, पाखंड काय होतं ते. तुम्ही मुद्रितं तपासता, तुम्हाला मी काय शिकवणार?"

ती घरी आली आणि कामाला बसली. उतारे पानपानभर आणि बाबांची उत्तरं जेमतेम चार ओळींची, तीही तीच तीच. थकले असतील, तिला वाटलं. तिने उतारे काढले, उत्तरं घासूनपुसून लख्ख केली, कुठे कुठे धार लावली.

एका उताऱ्यावर तिचा हात थबकला. 'ज्याने जग घडवलं त्याला वरचा उजेड दिसलाच नव्हता. म्हणून रडणाऱ्याने त्याच्याकडे पाहू नये. त्याला रडणं कळत नाही.' आईचे शेवटचे महिने तिला आठवले. मग तिने त्या ओळींवरही काट मारली.

दवाखान्याचा पलंग घरी आणायचा होता. खोलीत जागा नव्हती. पेन्सिलीच्या प्रतींचं कपाट मध्येच उभं होतं. बाबांनी डावा हात उचलून त्याच कपाटाकडे बोट दाखवलं.

"रिकामं करू?" तिने विचारलं.

ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, मग त्यांनी डोळे मिटले. तिने तो होकार धरला. खरं तर तिला होकारच हवा होता. या कागदांनी तिच्या बाबांचे डोळे खाल्ले होते, तिच्या वाट्याची संध्याकाळ खाल्ली होती. शेगडीत एकेक जुडगा घालताना तिला आतून हलकं वाटलं. पाखंडाचं शेवटचं पान विझेपर्यंत ती तिथून हलली नाही. काढलेल्या उताऱ्यांची पानंही त्याच शेगडीत गेली.

पुस्तक आलं तोवर बाबांची जीभ थोडी सुटली होती. नजर मात्र पार अधू झाली होती. तिने ते कोरं करकरीत पुस्तक त्यांच्या छातीवर ठेवलं. डाव्या हाताने ते बराच वेळ त्याची पाठ कुरवाळत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिच्याही.

"वाच," ते म्हणाले.

तिने पहिलं प्रकरण वाचलं. स्वतः धार लावलेली वाक्यं तिने जरा ठासून वाचली. बाबा कान देऊन ऐकत होते, कशाची तरी वाट बघितल्यासारखे.

"उतारा?" मध्येच त्यांनी विचारलं.

"सगळे काढले, बाबा. त्यांच्यासकट छापायला प्राचार्य तयारच नव्हते. आता नुसती तुमची उत्तरं आहेत."

"कपाटात... प्रती..."

"कपाट रिकामं केलं ना, तुम्हीच सांगितलंत. जाळलं सगळं. त्यातलं अक्षरही उरलं नाही."

बाबांचे ओठ हलू लागले. डोळे मिटून ते काहीतरी म्हणू पाहत होते. एक शब्द आला, दुसरा आला, मग अडलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलं.

"पाठ होतं," ते म्हणाले. "गेलं. झटक्यात गेलं."

"जाऊ द्या हो. आता कशाला हवंय ते?" तिने त्यांचा हात हातात घेतला. "जिंकलात तुम्ही, बाबा."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"उत्तरं खोटी होती, पोरी. ती नसती, तर उतारे कुणी छापू दिले असते?"