बसलेली गाडी

गोजरबाई उतरल्या आणि गाडी चार बोटं वर उठली.

मेहकरच्या अलीकडे चढावर हे झालं. मागच्या चाकांना पत्रा घासत होता, रबर जळाल्याचा वास येत होता, म्हणून उकंडरावांनी गाडी थांबवली होती. मागच्या सीटवर गोजरबाईंच्या शेजारी त्यांचे भाऊ गुलाबराव आणि भावजय बसली होती. डिकीत हरभऱ्याची पोती होती. पण दाराशी बसल्यामुळे आधी उतरल्या त्या गोजरबाई.

"पाह्य," उकंडराव चाकाकडे वाकून बघत म्हणाले, "तू उतरली अन् गाडीचा जीव भांड्यात पडला."

गुलाबराव मोठ्यानं हसले. भावजयीनं तोंडाला पदर लावला. समोरून एसटी येत होती. तिला गोजरबाईंनी हात केला, चढून बसल्या आणि डोणगावला परत गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी गाडीत पाय ठेवला नाही.

उकंडराव डोणगावचे धान्याचे आडते. गाडी त्यांनी खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून जुनी घेतली होती. गावात दुसरी मोटार नव्हती, त्यामुळे ही मागून बसलेली आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मोटारी अशाच असतात असं लोकांना वाटे. आता मात्र गुलाबरावांनी चढावरची गोष्ट सगळ्या सोयऱ्यांत पोचवली. बाजारात कुणीही विचारू लागलं, "आज वहिनी नाहीत काय? गाडी मोकळी दिसून राह्यली." पहिल्या आठवड्यात उकंडराव हसले. मग त्यांचं हसू आटलं.

वैशाखात गुलाबरावांच्या मुलीचं लग्न निघालं, चिखलीला. गोजरबाईंनी ट्रंक काढली आणि म्हणाल्या, "तुमी मोटारीनं जा. मी एसटीनं येईन."

आपण मोटारीतून रुबाबात एकटेच उतरतोय आणि नवरीची सख्खी आत्या स्टँडवरून ट्रंक घेऊन पायी येतेय, हे चित्र उकंडरावांनी मनात पाहिलं. ताटातली भाकर त्यांना गोड लागली नाही. त्यांनी गाडी दुरुस्त करायची ठरवलं. दोष गाडीचा होता हे एकदा सिद्ध झालं की बायकोचा राग आपोआप निघणार होता. माफी मागायचं काम पडणार नव्हतं.

मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची चवड असते. तिच्यावर सगळी गाडी तोललेली असते. वर्षानुवर्षं ओझं वाहून हे पाटे पार सपाट झाले होते. अकोल्याला नव्यांचा भाव ऐकून उकंडराव गुपचूप परत आले आणि कडूबा लोहाराकडे गेले.

"नवे कायले घेता मालक?" कडूबा म्हणाला. "हेच तापवून वाकवतो. अन् मोडीतल्या ट्रकचे पाटे पडले हायेत माह्याकडं, ते खाली जोडतो."

कडूबानं उकंडरावांच्या अंगणातच भट्टी मांडली. दोन दिवस घणाचे घाव ऐकू येत होते. घरातून त्याला चहा-भाकर जात होती. तिसऱ्या दिवशी टेकू दिलेल्या दगडांवरून गाडी खाली घेतली. चाकं टेकली, पण मागचा भाग काही खाली आला नाही. बैल उठताना मागचे पाय आधी सरळ करतो आणि पुढचे गुडघे अजून जमिनीवरच असतात, तशी ती उभी राहिली.

"हे काय बे?" उकंडराव म्हणाले.

"रिकामी हाये ना मालक. वजन पडलं का बसते," कडूबा म्हणाला, आणि त्याच दुपारी भाता बंद करून लेकीच्या गावी निघून गेला.

उकंडरावांनी गाडी वेशीपर्यंत नेऊन पाहिली. काचेतून समोरचं झाड दिसेना, नुसता रस्ता दिसायचा. प्रत्येक खड्ड्याला मागचा भाग शिंगरासारखा उधळायचा आणि टोपी छताला लागायची. शेवटी त्यांनी मागच्या सीटवर हरभऱ्याचं एक भरलेलं पोतं ठेवलं, तेव्हा कुठे गाडी शहाण्यासारखी चालली. पण मांडवाच्या दाराशी बायकोऐवजी पोतं उतरलेलं पाहिलं असतं, तर गुलाबरावांनी ती गोष्ट जन्मभर पुरवली असती.

लग्नाच्या दिवशी सकाळी गोजरबाई ट्रंक घेऊन स्टँडवर उभ्या होत्या. उकंडरावांनी गाडी त्यांच्यापुढे आणली. ती थांबल्यावरही मागून दोनदा उडाली.

"बस," ते म्हणाले.

"काऊन? मी बसली तं जीव जाईल तिचा."

स्टँडवरची माणसं वळून बघू लागली. उकंडराव खाली उतरले. थोडा वेळ त्यांनी चाकाकडे पाहिलं, पण चाकाकडून काही मदत झाली नाही.

"माह्यं चुकलं," ते हळूच म्हणाले. "तुह्याबिगर गाडी जमिनीवर राहत नाही."

"मोटारीचा आवाज हाये. ऐकू नाही आलं."

उकंडरावांनी इंजिन बंद केलं आणि तेच पुन्हा, स्टँडभर ऐकू जाईल असं सांगितलं. गोजरबाई मागच्या दारानं आत बसल्या. गाडी अलगद खाली आली आणि सरळ झाली.

मेहकरचा चढ सहज गेला. पत्रा घासला नाही, टोपी डोक्यावरच राहिली. जीवाला बरं वाटल्यावर उकंडरावांना कडूबाचा राग आला.

"एकेक पाटा जास्तच घातला त्या गधड्यानं," ते म्हणाले. "गावात आला का काढाले लावतो."

"काढू नका," गोजरबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तो नाहीच म्हनत होता. चहा देताना मीच त्याले सांगतलं, माह्या वजनाचा एकेक पाटा जास्तीचा घाल."