वक्त्यांचा परिचय

"हे चौथं पान तेवढं वगळा," अध्यक्ष म्हणाले. "बाकी भाषण छान आहे."

पडद्यापलीकडे सभागृह भरत आलं होतं. अलीकडे ग्रंथपालबाई आणि कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक उभे होते. वसाहतीच्या वर्धापनदिनाला दरवर्षी नकलाकार नाहीतर जादूगार यायचा. एकदा तरी डोक्याला खाद्य देणारा माणूस बोलवा, म्हणून बाईंनी सहा वर्षं समितीच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. शेवटी अर्धा तास मिळाला, तोही भाषण आधी वाचायला द्यायच्या अटीवर.

नेमकं चौथं पान अध्यक्षांना झोंबलं. वसाहतीत पाणी आणलं ते त्यांच्या वडिलांनी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. टाकीवर वडिलांच्या नावाची पाटी होती. प्राध्यापकांनी मात्र पाणीखात्याच्या जुन्या दप्तरातून तिथल्या पहारेकऱ्याची वही शोधून काढली होती. तिच्यात ओळीने अकरा दिवस एकच नोंद होती: आजही वसाहतीतल्या बायका कचेरीच्या दारातून उठल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी नळ द्यायचा हुकूम निघाला होता. वडिलांचा त्यात कुठेच पत्ता नव्हता.

नाही वगळलं तर काय, असं बाईंनी विचारलं. अध्यक्षांनी आवाज चढवला नाही. वाचनालयाची खोली समितीची आहे आणि टेबल टेनिसवाले ती कधीची मागतायत, एवढंच म्हणाले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले.

प्राध्यापक भला माणूस. त्यांनी मुकाट्याने चौथ्या पानाची घडी करून बाईंच्या हातात ठेवली. मी संध्याकाळच्या गाडीने जाणार, तुम्हाला इथं राहायचंय, असं म्हणाले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अध्यक्षांपेक्षा या समजूतदारपणाचाच त्यांना जास्त राग आला. पण घरी जागा नाही म्हणून रोज दुपारी त्या खोलीत अभ्यासाला बसणाऱ्या मुली डोळ्यांपुढे आल्या आणि त्यांना रडूच फुटायचं बाकी राहिलं.

वक्त्यांचा परिचय बाईंनी करून द्यायचा होता. समितीने भाषण तपासलं होतं, परिचय नाही. परिचय कोण तपासतो? तो चालू असताना लोक खुर्च्या सरकवतात, ओळखीच्यांना हात करतात आणि वक्ता बिचारा छताकडे बघत बसतो.

बाई माईकपाशी गेल्या. प्राध्यापकांच्या पदव्या त्यांनी एका वाक्यात उरकल्या.

"सर नेमकं काय काम करतात, ते एका पानात सांगते," त्या म्हणाल्या आणि हातातली घडी उलगडली.

पहिली नोंद वाचली. दुसरी वाचली. त्या थांबल्या नाहीत. सातव्या नोंदीला खुर्च्यांची खरखर बंद झाली. अध्यक्षांनी आधी खुणा केल्या, मग घसा खाकरला आणि शेवटी उठून स्वतःच माईकच्या बटणाकडे निघाले. अकरावी नोंद संपायला आणि माईक बंद व्हायला एकच गाठ पडली.

खोली गेली, हे बाईंना कळून चुकलं. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून अध्यक्षांच्या आई उठल्या. पाणी आणणाऱ्याची बायको म्हणून त्यांना दरवर्षी तिथं बसवत, गुच्छ देत आणि कार्यक्रम संपला की घरी नेऊन सोडत. आजचा गुच्छ खुर्चीवर ठेवून त्या पायऱ्या चढून वर आल्या.

"चालू कर तो," त्या मुलाला म्हणाल्या. "दरवर्षी फुलं देतोस. विचारत कधी काही नाहीस."

सगळी वसाहत बघत होती. अध्यक्षांनी बटण दाबलं.

आई प्राध्यापकांकडे वळल्या. "सर, तुमची वही चुकलीय. अकरा नाही, तेरा दिवस. पहिले दोन दिवस त्या पहारेकऱ्याने आम्हाला धरलंच नाही हिशेबात. जातील उठून, असं वाटलं त्याला."

प्राध्यापकांनी घाईघाईने पेन काढलं. लिहिता लिहिता त्यांनी जरा चाचरतच विचारलं, की मग अध्यक्षांचे वडील तेव्हा कुठे होते?

"घरी," आई म्हणाल्या आणि त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "हा दोन वर्षांचा होता, दिवसभर किरकिरायचा. याला कोण सांभाळणार?"