टोपी ज्याची त्यानं

एजंट ऐकेचना. बारामतीच्या ऑफिसात बसून संदेशनं कन्सोलवरचं ‘मोटर सुरू’ पुन्हा दाबलं, तरी शेळगावच्या ओळीपुढचा लाल ठिपका काही हलला नाही. खाली तेच उत्तर आलं: ‘थांबलोय. टोपी स्टार्टरवर आहे.’

बाकीच्या शेतांवरचे एजंट, म्हणजे मोटरी चालवणारे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम, गुमान काम करत होते. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, ते आपलं आपण ठरवायचे. संदेश आणि शेजारच्या टेबलावरची इरा फक्त पडद्यावर नजर ठेवायचे. अडून बसला होता तो नेमका संदेशच्या घरचा. तिकडं शेडनेटमध्ये मिरचीची रोपं उन्हानं माना टाकत होती. संध्याकाळी नरसिंहपूरचं गिऱ्हाईक ती न्यायला येणार होतं, आणि मोटर चालवणारी थ्री फेज लाइट जायच्या बेतात होती. ती गेली की रोपंही गेली.

कॅमेऱ्यात स्टार्टरची पेटी दिसत होती आणि पेटीवर वडिलांची, सावळारामआबांची, पांढरी टोपी. तिचा अर्थ शेळगावात शेंबडं पोरही सांगेल: माणूस विहिरीत उतरलाय, बटणाला हात लावू नका. मोटर पाण्यात, केबल पाण्यात, आणि त्या केबलला जागोजाग चिकटपट्ट्या. टोपी ज्याची त्यानंच उचलायची. पूर्वी टोपीची गरजच पडत नसे, पेटीपाशी लहानगा संदेश राखणीला बसलेला असे. “आबा, वर आलात का?” असं ओरडून विचारायचं, विहिरीतून ओ आली की मगच बटण. आता संदेश बारामतीत, म्हणून टोपी.

पण हा नियम संदेशनं एजंटला कधी दिलाच नव्हता. त्यानं तो कुठून उचलला, देव जाणे. आबांना विचारलं, तर ते म्हणाले होते, त्या डबड्याचं मला काय विचारतोस? आणि आबांचं तरी काय खरं? गेल्या महिन्यात टोपी पेटीवर विसरून ते देवळाच्या कट्ट्यावर गप्पा हाणत बसले. एजंट बसला टोपीकडं बघत. ट्रेच्या ट्रे वाळून गेले.

संदेशनं फोन लावला. नुसती रिंग. आबांचा फोन बंडीच्या खिशात असतो, दुपारी झोपतानाही निघत नाही. घरी दुसरं कुणी नव्हतं; आई इंदापूरला लग्नाला गेलेली.

“कट्ट्यावर रंगलेत पुन्हा,” संदेश चिडून म्हणाला.

इरानं सांगितलं, कन्सोलचा नाद सोड, कमांड लाइनवरून फोर्स दे. फोर्स दिला की एजंटला कुणी विचारत नाही, मोटर सरळ सुरू होते. संदेशनं काळी खिडकी उघडली. हुकूम टाइप केला. शेवटी फोर्स लिहिलं. मनात म्हणाला, आज हा टोपीचा खेळ मोडूनच टाकतो. बोट एंटरवर गेलं. डाव्या हातानं त्यानं सवयीनं आबांना परत एकदा फोन लावला.

कॅमेऱ्यात टोपी हलली.

वारा असेल. पण मागची शेडनेट तर ढिम्म होती. त्यानं फोन कापला. टोपी थांबली. पुन्हा लावला. टोपी थरथरत पेटीच्या कडेकडं सरकायला लागली.

फोन टोपीखाली थरथरत होता. म्हणजे अंगात बंडी नव्हती. म्हणजे आबा पाण्यात होते.

एंटरवरचं बोट संदेशला उचलवेना. उचलताना दाबलं गेलं तर? इरानं त्याचं मनगट धरलं आणि अलगद सरळ वर काढलं. मग तिनंच ती ओळ एकेक अक्षर करून पुसली. दोघं पडद्याकडं बघत बसली. रोपांचं नाव कुणी काढलं नाही.

बऱ्याच वेळानं पडद्यात एक ओला हात आला. आबा. खांद्यावर शेवाळ, हातात मोटरीच्या जाळीत अडकलेला प्लास्टिकचा गोळा. त्यांनी फोन उचलला, टोपी झटकली, डोक्यावर घातली. संदेशनं हाक मारायला माइक चालू केला, पण त्याच्याआधी पेटीवरच्या स्पीकरमधून एजंटच बोलला.

“आबा, वर आलात का?”

“आलो रं पोरा,” आबा पेटीवर हात ठेवून म्हणाले. “कर चालू.”

लाल ठिपका हिरवा झाला. संदेशला कुणी काही विचारलं नाही.