कोपऱ्यात कोण?

“मी इथे नाहीच असं समज,” मॅडम म्हणाल्या आणि पडद्याशेजारच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. हाताची घडी, घडीत गुणांचा कागद लावलेलं पॅड.

शिकाऊ डॉक्टर मुलीनं मान हलवली. बारीक आवाजामुळे वॉर्डातल्या सिस्टर तिला चिमणी म्हणत. मागच्या परीक्षेत पेशंटशी बोलताना ती दर वाक्याला मॅडमकडे बघत राहिली होती आणि तेवढ्यावरच नापास झाली होती. आज काही झालं तरी तिकडे बघायचं नाही, असं तिनं जिना चढतानाच ठरवलं होतं.

खाटेवरच्या आजींच्या उजव्या पायाची बोटं काळी पडली होती. पाय घोट्याच्या वर कापायचा होता, उद्याच, नाहीतर विष अंगभर पसरणार होतं. आजी कुणालाच दाद देत नव्हत्या. त्यांचा होकार मिळवायचा, तोही न घाबरवता, न फसवता. मॅडम तेच बघणार होत्या आणि त्यांनी मध्ये एक शब्दही बोलायचा नव्हता.

चिमणी स्टूल ओढून बसली. आधी तिनं पायाचा विषय काढलाच नाही. झोप लागली का विचारलं, उशी सारखी केली, मग हळूच पायाकडे आली. आजींच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरली होती, तरी आवाजाच्या रोखानं बघत त्या नीट ऐकत होत्या. खोट्या पायानं जिना चढता येतो का, असं त्यांनी विचारलं. येतो, पण सुरुवातीला जिन्याला शिव्या घालाव्या लागतात, असं चिमणी म्हणाली तेव्हा आजी चक्क हसल्या. होकार अगदी ओठांवर आला होता.

तेवढ्यात त्यांनी मान वळवली.

“ती तिकडे कोण उभी आहे गं मघापासून?”

चिमणी वळली नाही.

“कुणी नाही, आजी.”

कोपऱ्यातलं पेन थांबलं.

आजी बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, ताप उतरल्यावर होतो तसा.

“मग अक्काच ती,” त्या म्हणाल्या. “रुसली की अशीच उभी राहायची, हाताची घडी घालून. गेली तेव्हाही माझ्याशी अबोलाच होता.”

चिमणीनं चाचरत पायाचं विचारलं. आजींनी तिचा हात थोपटला. आता कशाला ती कापाकापी, अक्का न्यायला आलीये तर जायचं तर अख्खीच जाईन, मागे पाय कशाला ठेवू, असं त्या म्हणाल्या. अगदी मजेत म्हणाल्या.

चिमणी पुढे झुकली. आजी, मी खोटं बोलले, त्या आमच्या मॅडम आहेत, माझी परीक्षा घेतायत, असं तिनं एका दमात सांगून टाकलं.

“असू दे, बाळा,” आजी म्हणाल्या. “मघाशी बोललीस ते पटकन बोललीस, तेच खरं. आता मी भिऊ नये म्हणून बोलतेयस.”

मॅडमनी पॅड खिडकीत ठेवलं आणि त्या खाटेशी आल्या. त्यांना जागा द्यायला चिमणी उठून मागे कोपऱ्यात सरकली.

मॅडमनी आपण कोण ते सांगितलं. मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. मी अक्का नाही, डॉक्टर आहे. आजींनी चाचपडत त्यांचा हात धरला. हात गार होता.

“बरं बाई, नाहीस तर नाहीस,” रुसलेल्याची समजूत काढावी तसं आजी म्हणाल्या. “बोललीस तरी. आता एवढं सांग. देऊ का पाय?”

नेमक्या याच जागी मॅडमनी आजवर कितीतरी मुलांचे गुण कापले होते. होकार पेशंटचा स्वतःचा हवा, सगळं समजून दिलेला हवा. पण म्हातारीची मूठ सुटत नव्हती.

“दे,” त्या म्हणाल्या.

“दिला मग.”

आजी उशीवर टेकल्या. डोळे मिटता मिटता त्यांची मान पुन्हा कोपऱ्याकडे वळली. पडद्याशेजारी, पांढऱ्या कोटात, हाताची घडी घालून चिमणी श्वास रोखून उभी होती.

“अक्का,” आजींनी आवाज अगदी खाली आणला, “तुझ्यामागे ती कोण आलीये?”

मागे चिमणीच असणार, तरी मॅडमना वळून बघवेना.