अकरा हजार पावलं

अकरा हजार दोनशे पावलं. एक आरामखुर्ची. शेंगांची टरफलं. सोसायटीच्या ग्रुपवर एकोणीस अंगठे.

हे सगळं माझ्या एकाच दुपारचं. पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "गोळ्यांनी थरथर कमी होईल. पण मेंदूतल्या उरलेल्या पेशी टिकवायला कदाचित व्यायामाची मदत होईल. दम लागेल असं चाला." लेकीने पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. रोजचा आकडा मी ग्रुपवर टाकू लागलो. सोबत तरुणांना दोन शब्द.

बायकोने त्या दिवशी आकडा पाहिला, मग मला. "अहो, सकाळपासून खुर्चीतून उठलात कधी?"

"घरातल्या घरात होतं गं चालणं."

"कोणाचं?"

घड्याळ माझ्या थरथरत्या डाव्या हातावर होतं. माझा आजार माझ्या वतीने चालत होता आणि अंगठे मी घेत होतो.

तिने घड्याळ उजव्या हातावर बांधलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीनशे बारा पावलं भरली. त्यातली निम्मी फ्रीजकडची.

तेव्हापासून ती मला रोज मैदानावर नेते. मागून ओरडते, "हात हलवा! आपोआप नको, मुद्दाम!" चौथ्या फेरीला ती बाकावर बसते. धापा टाकत तिच्यापुढून जाताना मी ऐटीत विचारतो, "काय बाईसाहेब, दमलात एवढ्यात?"

घड्याळ उजव्या हातावर आलं त्याच आठवड्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तिने ते पुढे ढकललं.