कुजलेल्या वालाचं मनोगत

पालकसभेत तिसरीच्या वर्गातली बोलकी डिजिटल भिंत मुलांचे निबंध त्यांच्याच आवाजात वाचून दाखवत होती. ऋजुताची पाळी आली. "मी एक वाल आहे. मला बेताचं पाणी मिळालं आणि मी छान उगवलो."

ऋजुताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने लिहिलं होतं, 'ऋजुताने लाडाने पाणी पाजून पाजून मला कुजवलं!'

"बाई, हे मी लिहिलंच नाही! माझा वाल मेलाय!"

"अगं, भिंतीने तुझी चूक सुधारली फक्त," बाई कौतुकाने म्हणाल्या.

आईसुद्धा टाळ्या वाजवत होती. ऋजुताने खिडकीतला वालाचा पेला उचलला आणि थेट आईच्या नाकाखाली धरला. टाळ्या थांबल्या, ओढणी नाकाला लागली.

ऋजुता भिंतीकडे वळली. "आता हा वास सुधारून दाखव!"