काळा चुरा

"आधी सगळा गठ्ठा वाचायचा, मगच हात लावायचा," हे कागददुरुस्ती शिकवणाऱ्या गुरुजींचं पालुपद तिला तोंडपाठ होतं. पण प्रदर्शनाच्या घाईत साहेब सकाळपासून डोक्यावर बसले होते. म्हणून ग्रंथालयातल्या जुन्या पत्राच्या कोपऱ्यावरचा काजळीचा डाग तिने खोडरबराचा चुरा हलकेच घासून काढला. काळा पडलेला चुरा ब्रशने टेबलावर लोटला. खलाशाला बायकोने धाडलेलं पत्र लख्ख झालं. साहेब खूश होऊन गेले. मग तिने निवांत गठ्ठ्यातलं पुढचं पत्र उलगडलं. खलाशाचं उत्तर होतं: "लेकीचं बोट काजळीत बुडवून तू कोपऱ्यावर उमटवलंस. पाहिलं नाही तिला अजून. रोज त्या ठशावर बोट टेकवून झोपतो." तिने वळून टेबलावरच्या चुऱ्याकडे पाहिलं. इतक्यात केर काढायला आलेल्या मावशींनी पंख्याचं बटण दाबलं. "बंद करा, मावशी!" ओरडत ती काळ्या चुऱ्यावर ओणवी झाली.